डोळा मारणारी ट्रॉली

बुटीबोरीच्या एका कारखान्याच्या फाटकावर, पहाटपाळीची माणसं डबे हलवत आत चाललेली असताना, तिथला गार्ड माझ्या खिडकीशी आला आणि गंभीरपणे म्हणाला, "साहेब, तुमची ट्रॉली मले डोळा मारून राहिली."

मी म्हटलं, "तुमचा काही गैरसमज होतोय."

"उतरून पाहा ना. मी ब्रेकवर पाय ठेवतो."

मी उतरून मागे गेलो. त्यानं ब्रेक दाबला. लाल दिवे लागले, इथवर सगळं सभ्य होतं. पण लाल दिव्यांच्या बाजूला उजवा पिवळा इंडिकेटर, ज्याला कुणी बोलावलेलं नव्हतं, तोही लागला. इंजिनच्या थरथरीबरोबर तो मिचमिचत होता. खरंच डोळा मारत होता. आणि गार्डलाच नाही, मलाही मारत होता.

आता ही ट्रॉली काय आणि आम्ही तिथे काय करत होतो, ते सांगतो. माझ्या बायकोनं पतसंस्थेतली नोकरी सोडून तर्रीपोह्यांचा, म्हणजे पोह्यांवर चण्याचा झणझणीत लाल रस्सा ओतून द्यायचा, धंदा सुरू केला होता. हुडकेश्वरला आमच्या घरासमोरच ती एक टेबल टाकून बसायची आणि तिच्या तर्रीचा वास असा होता, की सकाळी फिरायला निघालेली माणसं आमच्या दारापर्यंतच फिरायची. मग या कारखान्याचं कॅन्टीन दुरुस्तीला निघालं. तिथल्या साहेबानं तिला सांगितलं, की सकाळच्या सुट्टीत गाडी आत लावा, माणसांना आवडलं तर जागा तुमची. तेवढ्यासाठी आम्ही एका मंडपवाल्याची जुनी पिकअप घेतली आणि तिच्यामागे ओढायला छोटी ट्रॉली बनवून घेतली: शेगडी, ओटा, वर पत्र्याचं छत. कारखान्याची अट एकच. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीचे दिवे आणि हॉर्न फाटकावर तपासले जातील. बिघाड असेल तर गाडी परत.

आणि आमची गाडी परत.

"सोमवारी दुरुस्त करून आणा," गार्ड म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "पण सोमवारीच आणा बरं. समोसेवाला रोज विचारून राहिला साहेबाले."

मागे ट्रॉलीत तर्रीचं भलंमोठं पातेलं तसंच भरलेलं होतं. बायको ते पाहत होती. घरी परतल्यावर ती तर्री तिनं गल्लीभर वाटली. लोकांनी वाट्या चाटूनपुसून परत दिल्या आणि विचारलं, "आज काय आहे वं, वाढदिवस?" ती म्हणाली, "हो. ट्रॉलीचा."

तो शनिवार होता. ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन भाच्याच्या लग्नाला वर्ध्याला गेलेला. दुसरा एक सापडला, तोही लग्नातच, फोनवर मागे बँड वाजत होता. त्या दोन दिवसांत विदर्भातल्या सगळ्या इलेक्ट्रिशियनांच्या घरी एकदम मुहूर्त निघाले होते.

"मी करतो," मी म्हटलं.

हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी बोललो, त्या त्या वेळी घरात काहीतरी नवीन विकत आणावं लागलं आहे. पण माझ्या आत्मविश्वासाला कारण होतं. मी मिहानमध्ये एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. दोन दिव्यांची ती काय गोष्ट.

आमच्या घरात मात्र या पदासाठी आणखी एक उमेदवार होता. माझे सासरे. ते वीज खात्यातून निवृत्त झाले आहेत. खात्यात ते बिलांच्या तक्रारी घेणाऱ्या खिडकीमागे बसत, पण वीज खातं ते वीज खातं. जन्मभर विजेच्या आसपास बसल्यामुळे त्यांच्यात थोडी उतरली असावी, असा त्यांचा स्वतःचा समज आहे. आणि विजेविषयी त्यांचं एकच निदान आहे: अर्थिंग. फ्रिज गारठत नाही, अर्थिंग. टीव्हीला मुंग्या आल्या, अर्थिंग. एकदा माझी कंबर धरली, तेव्हाही त्यांनी मला अनवाणी अंगणात उभं राहायला सांगितलं होतं.

रविवारी सकाळी मी ट्रॉलीखाली सतरंजी टाकली, तेव्हा ते खुर्ची घेऊन आलेच.

"जवाईबुवा, अर्थिंग पाहा पहिले."

"पाहतो बाबा. आधी बाकीचं पाहतो."

"बाकीचं काहून पाहता? मी सांगून राहिलो ना."

इथे मी खरं सांगतो. त्यांनी दुसरं काहीही सांगितलं असतं, तर मी ते आधी पाहिलं असतं. पण अर्थिंग पाहायचं आणि समजा तेच निघालं, तर? मग फ्रिज, टीव्ही आणि माझी कंबर, सगळे खटले ते परत उघडणार. मी ठरवलं, बिघाड दुसऱ्या कुठल्याही कारणाचा चालेल, अर्थिंगचा चालणार नाही.

बायकोला केबिनमध्ये बसवलं. तिचं काम ब्रेक दाबायचा आणि सोडायचा. माझं काम मागे बसून ओरडायचं.

"दाब."

"दाबला."

"सोड."

"सोडला."

"दाबलाय का?"

"अवो, तुम्हीच सोड म्हणाले ना आता."

मी बल्ब बदलले. उजवा पिवळा डोळा मारतच राहिला. मी पिकअप आणि ट्रॉलीला जोडणारं प्लग-सॉकेट उघडलं, आतला गंज घासला, परत जोडलं. आता ब्रेक दाबला की डावा पिवळा डोळा मारू लागला. सासऱ्यांनी खुर्चीतून दोन्ही हात वर केले, म्हणजे मी काही बोललो नाही हे सगळ्यांना दिसावं. मग मी तारा पाहिल्या. तारांचे रंग मंडपवाल्यानं स्वतःच्या आवडीनं निवडलेले असावेत. मी त्यांची जरा अदलाबदल केली. आता डावीकडे वळायचं म्हटलं की ट्रॉली उजवीकडे वळायची घोषणा करायची. परत होत्या तशा लावल्या. ट्रॉली मूळ पदावर आली आणि परत डोळा मारू लागली. गंमत म्हणजे मध्येच, कुणीही काही न करता, सगळे दिवे शहाण्यासारखे लागायचे. मी "झालं!" असं ओरडायचो आणि माझ्या आवाजानंच की काय, ते परत बिघडायचे.

शेजारचे एक गृहस्थ स्कूटर थांबवून म्हणाले, "काय करून राहिले गा, दिवाळीची माळ लावता काय?"

"टेस्टिंग," मी म्हटलं.

"चालू द्या," ते म्हणाले आणि स्कूटर बंद करून बसले.

फ्यूज राहिले होते. पिकअपच्या स्टिअरिंगखाली फ्यूजांचा डबा असतो, त्यात प्रत्येक गोष्टीचा एक फ्यूज. इंडिकेटरचा फ्यूज मला संशयित वाटला. मी तो काढला, त्याच्या जागी हॉर्नचा चांगला फ्यूज बसवला. काही फरक पडला नाही. म्हणजे संशयित निर्दोष होता. त्याला हॉर्नच्या रिकाम्या जागी बसवायचं म्हणून मी हात पुढे केला, तेवढ्यात बायकोनं विचारलं, "दाबू का सोडू?" आणि फ्यूज माझ्या बोटांतून निसटून शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधल्या गवतात गेला. शोधतो नंतर, असं मी मनाशी म्हटलं. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही वाटलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

दुपारी जेवणं झाली. सासरे आडवे झाले, बायको उद्यासाठी चणे भिजत घालायला आत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "चणे भिजत घालू ना? म्हणजे उद्या जाऊन राहिलो ना आपण?"

"घाल," मी म्हटलं. पण तिनं विचारलं त्या आवाजात माझ्या बल्ब आणि तारांवरचा सगळा विश्वास संपलेला होता. नोकरी सोडली तेव्हा तिला सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. तेव्हा ती इतकं हळू बोलली नव्हती.

मी एकटा अंगणात. समोर ट्रॉली. आणि तिच्या मागच्या दांडीला, दोन दिव्यांच्या बरोबर मध्ये लटकणारी काळी बाहुली.

या बाहुलीविषयी सांगायला हवं. ट्रॉली तयार होऊन आली, तेव्हा सासऱ्यांनी बाजारातून स्वतः ही बाहुली आणली होती. नजर लागू नये म्हणून ट्रकांच्या मागे असते, तीच. शिंगं, लाल जीभ, चेहऱ्यावर वसुली अधिकाऱ्याचा भाव. ती बांधायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी त्या दिवशी ट्रॉलीला रंग देत होतो. रंगासाठी मागच्या दांडीवरचा एक बोल्ट मी सोडला होता. एका काळ्या तारेचं टोक, कडीसारखं वळवलेलं, त्या बोल्टखाली दाबलेलं होतं. रंग वाळल्यावर मी बोल्ट परत बसवला आणि बसवता बसवता बाहुलीचा दोरा त्याच बोल्टला गुंडाळून टाकला. एका दगडात दोन पक्षी. बाहुली इतकी पक्की बसली होती, की सासऱ्यांनी ओढून पाहिली आणि म्हणाले, "आता कोणाच्या बापाची नजर लागत नाही."

मी नजर-बिजर मानत नाही. हे मी ऑफिसात अनेकदा बोलून दाखवलं आहे. पण सोमवार जवळ येत होता, बल्ब, तारा, प्लग, फ्यूज सगळं करून झालं होतं आणि अंगणात कुणी नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात घालून एक लिंबू आणि मिरच्या घेतल्या. आमच्याकडे तर्रीमुळे मिरच्यांना तोटा नसतो. काळ्या दोऱ्यात ओवल्या. आणि बोल्ट जरा सैल करून, त्या कडीच्या मागून-पुढून दोऱ्याचे चांगले दणकट वेढे देऊन, बाहुलीच्या मागे, सहज दिसणार नाहीत असे लिंबू-मिरच्या टांगले. हात जोडले नाहीत. तेवढं तत्त्व पाळलं.

चहानंतर, दिवेलागणीला, बायको परत केबिनमध्ये बसली आणि शेजारीही परत येऊन स्कूटरवर बसले. "दाब," मी म्हटलं.

तिनं दाबला. मागचे सगळे दिवे, लाल, पिवळे, एकदम लागले. पण कसे, तर उदबत्तीच्या टोकाएवढे. जणू ट्रॉली झोपेत होती आणि पापण्या अर्ध्या उघडून विचारत होती, काय आहे. मघाशी मधूनमधून जे नीट लागायचे, तेही बंद. मी काही केलं नव्हतं. म्हणजे मी जे केलं होतं, ते सांगण्यासारखं नव्हतं.

"आता काय झालं?" सासरे उठून आले होते.

"काय माहीत," मी म्हटलं आणि बाहुलीसमोर उभा राहिलो, पाठ तिच्याकडे करून.

"अर्थिंग..."

"बाबा, अर्थिंगचा काही संबंध नाही!"

हे जरा मोठ्यानं झालं. बायको केबिनमधून उतरली. सकाळपासून ती तिथे बसून दाबत आणि सोडत होती.

"आता तुम्ही बसा," ती म्हणाली. "मी मागे पाहते."

"तुला त्यातलं..."

"बसा म्हटलं ना."

मी बसलो. ब्रेक दाबला. आरशात मला ती दिसत होती. ती बल्ब, तारा, प्लग यांपैकी कशाकडेही पाहत नव्हती. ती पदरानं दिव्यांच्या काचा पुसत होती, तिच्या पातेल्यांसारख्या. डावी काच पुसली. मग उजवीकडे सरकताना मध्ये आलेली बाहुली तिनं हातानं वर उचलली.

अंगण लाल झालं. आरशात मला तिचा चेहरा, सासऱ्यांचा सदरा, शेजाऱ्यांची स्कूटर, सगळं लख्ख लाल दिसलं.

"काय केलं?" मी ओरडलो.

"काही नाही. हिले उचललं."

तिनं बाहुली सोडली. अंधार. उचलली. उजेड. सोडली, उचलली. आता डोळा मारायचं काम बाहुलीकडे आलं होतं. सासरे खाली वाकले, चष्मा कपाळावर सरकवला, बाहुलीच्या मागे पाहिलं.

"या दोऱ्यानं तार बांधून टाकली," ते म्हणाले. "कडी लोखंडाले लागूनच नाही राहिली. ही काळी तार कशाची आहे, जवाईबुवा?"

मला माहीत होतं. सकाळपासून माहीत होतं. गाडीत वीज तारेनं दिव्यापर्यंत जाते आणि परत येते ती गाडीच्या लोखंडातून. ती काळी तार म्हणजे दिव्यांना लोखंडाशी जोडणारा परतीचा रस्ता. त्या रस्त्यावर मी दोरा गुंडाळला होता. रस्ता बंद झाल्यावर बिचारी वीज भलत्याच दिव्यांतून वाट काढत होती, म्हणून ते डोळे मिचकावणं. बाहुली उचलली की दोरा ढिला पडायचा आणि कडी कशीबशी लोखंडाला टेकायची.

पण हे सगळं सांगायला एक शब्द पुरेसा होता आणि तो मी उच्चारणार नव्हतो.

"कशाची आहे?" त्यांनी परत विचारलं. आनंदानं त्यांचा आवाज पातळ झाला होता.

"अर्थिंगची," मी म्हटलं.

त्यांनी खुर्ची उचलली, ट्रॉलीच्या आणखी जवळ आणून ठेवली आणि बसले.

"आणि हे लिंबू कोणाचं?" बायकोनं विचारलं. तिच्या हातात बाहुलीमागून निघालेली माळ होती. मिरच्या अजून हिरव्यागार.

"मी नाही बांधलं," सासरे म्हणाले. "मी फक्त बाहुली आणली. ती पण बांधली यांनीच."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. शेजाऱ्यांनीही पाहिलं.

"ताजं आहे," बायको लिंबाचा वास घेत म्हणाली. "स्वयंपाकघरातलंच दिसते. म्हणजे मघाशी मी एक लिंबू कमी काहून झालं म्हणून शोधून राहिले होते..."

"सोड ब्रेक," मी म्हटलं. ब्रेकवर माझाच पाय होता.

दोरा कापला, रंग खरवडून लोखंड उघडं केलं, कडी बसवून बोल्ट आवळला. दाबला, सोडला, डावा, उजवा. ट्रॉली एकदम सुशील झाली. बाहुलीचा मात्र पेच पडला. ती काढून ठेवायला सासरे तयार नव्हते. पहिल्याच दिवशी बाहुलीशिवाय जायचं म्हणजे समोसेवाल्याच्या नजरेला दार उघडून देणं. आणि दांडीला परत बांधायला बायको तयार नव्हती. शेवटी ठरलं, की बाहुली येईल, पण केबिनमध्ये. आणि तिला सांभाळायला सासरे येतील.

सोमवारी पहाटे आम्ही निघालो. मी, मध्ये सासरे, त्यांच्या मांडीवर बाहुली आणि खिडकीशी बायको. तिनं नोकरीत असताना नेसायची ती साडी नेसली होती. रस्ताभर ती मागच्या काचेतून पातेल्याच्या झाकणाकडे पाहत होती. रेडिओवर शेतीविषयक सल्ला चालू होता.

फाटकावर तोच गार्ड. मला ओळखून हसला, मग सासऱ्यांच्या मांडीकडे पाहून हसायचा थांबला.

"ब्रेक."

तो मागे गेला. मी दाबला. आरशात मी त्याचा चेहरा लाल होताना पाहिला.

"डावा." ठीक. "उजवा." ठीक. तो पुढे आला. "आता नाही मारत डोळा," म्हणाला. बायकोनं श्वास सोडला, मला ऐकू आला.

मग बॉनेटसमोर उभा राहून तो म्हणाला, "हॉर्न."

मी हॉर्न दाबला. काहीच झालं नाही. मी परत दाबला, जरा प्रेमानं.

"साहेब, परवा डोळा होता, आज आवाज बसला?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मागच्या गाड्यांनी, ज्यांचे हॉर्न चालू होते, ते वाजवायला सुरुवात केली. सासरे तोंड उघडत होते आणि पहिला स्वर 'अ' असणार हे स्पष्ट होतं. पण मी आयुष्यात पहिल्यांदाच शांत होतो. या वेळी बिघाड कुठे आहे हे मला नक्की माहीत होतं, कारण तो मीच केला होता. मी स्टिअरिंगखाली वाकलो, रेडिओचा फ्यूज उपटला, शेतीविषयक सल्ला मध्येच तुटला, आणि तो फ्यूज हॉर्नच्या रिकाम्या जागी बसवला.

मग मी सगळा आनंद एकवटून हॉर्न दाबला. मंडपवाल्याचा हॉर्न होता तो, वरातीतून वाट काढायचा. गार्ड बॉनेटसमोरून उडून बाजूला झाला.

"जा, जा," कानावर हात ठेवून तो म्हणाला, "आत जा."

सुट्टी संपायच्या आत पातेलं रिकामं झालं. माणसं दुसऱ्यांदा प्लेट पुढे करत होती आणि बायको पातेलं तिरपं करून दाखवत होती. ज्या साहेबानं बोलावलं होतं, तो उशिरा आला आणि त्याला नुसते पोहे मिळाले. तर्री नाही म्हटल्यावर तो रुसला आणि जाताना म्हणाला, "उद्या माझी आधी काढून ठेवा." बायको "ठेवते" म्हणाली. मग ओट्याआडून झाकलेली एक प्लेट काढून तिनं मला दिली, "ही गार्डले द्या. लिंबू पिळून."

परतीच्या वाटेवर ऊन चांगलंच चढलं होतं. गाडी बुटीबोरीच्या बाहेर पडली तसं सासऱ्यांनी मांडीवरची बाहुली सरळ बसवली, घसा साफ केला आणि म्हणाले, "आता जवाईबुवा, तुमच्या त्या फ्रिजचं."

मी घाईनं रेडिओचं बटण फिरवलं. फिरवतच राहिलो. बायकोनं तोंड खिडकीकडे वळवलं होतं, पण तिचे खांदे हलत होते.